गंजिफेतील पक्ष आणि पथके : संगणकीय व्यूहखेळाच्या रचनेसंबंधी एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी संगणकशास्त्राचे पाच विद्यार्थी एके दिवशी इतिहास विभागात आले. त्यांच्याजवळ एका खेळाचा आराखडा होता. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा अद्भुतरम्य व्यूहखेळ डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. तो मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो. षट्कोनी घरांच्या नकाशावर दोन किंवा अधिक पक्ष आपापली पथके आळीपाळीने हलवितात. खेळाचे मूळ यंत्र तसेच ठेवून त्यातील पक्ष, पथके, चित्रे आणि आकडे बदलावयाचे, म्हणजे त्या खेळाचा ‘मॉड’ तयार होतो. वेस्नॉथमध्ये हे काम तुलनेने सोपे आहे. प्रत्येक पथकाचे वर्णन साध्या मजकुराच्या एका फायलीत असते. पथक किती आघात सोसेल, एका खेपेस किती घरे चालेल, किती मोहरांना मिळेल आणि अनुभव आल्यावर कोणत्या वरच्या पथकात बढती पावेल, हे सर्व त्या फायलीत लिहिलेले असते.

विद्यार्थ्यांनी चार पक्ष ठरविले होते : मराठे, मोगल, आदिलशाही आणि सिद्दी. पथकांची ऐतिहासिक नावे तपासून द्यावीत एवढीच त्यांची विनंती होती. नावे तपासताना एका स्तंभाकडे लक्ष गेले. त्यात मराठ्यांपुढे ‘धर्मी’ आणि उरलेल्या तिन्ही पक्षांपुढे ‘अधर्मी’ असे लिहिले होते. चौकशी करता कळले की मूळ खेळात पथकाला एक वृत्ती द्यावी लागते. ती वृत्ती दर्शविणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांचा शब्दशः अर्थ ‘नियमबद्ध’ आणि ‘बेबंद’ असा आहे, आणि त्यांचेच हे मराठीकरण होते. प्रत्यक्षात त्या वृत्तीचा संबंध दिवस-रात्रीशी आहे. पहिल्या प्रकारची पथके दिवसा पंचवीस टक्के अधिक आणि रात्री तितकीच कमी इजा करतात, तर दुसऱ्या प्रकारात हे उलट घडते. आदिलशाहीचा भाग गटातील एका विद्यार्थिनीकडे होता. ती म्हणाली, “सर, माझी पथकं रात्रीच का लढतात, हे कुणी सांगत नाही. अधर्मी आहेत म्हणून, एवढंच उत्तर मिळतं.”

हा प्रश्न भाषांतरापुरता मर्यादित नाही. पक्ष कशाने ठरतो, पथक म्हणजे काय आणि खेळणारा स्वतः कोणत्या बाजूस बसतो, हे खेळ रचणाऱ्याचे प्रश्न आहेत तसेच इतिहासकाराचेही आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार कोल्हापूर परिसरातील इतिहास आणि घाटाखालच्या सावंतवाडीची गंजिफा यांच्या आधारे केला आहे.

जन्माने ठरणारा पक्ष

आजच्या अद्भुतरम्य खेळांत पक्ष बहुधा वंशाने ठरतो. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांतून आलेले एल्फ, बुटके आणि ऑर्क यांचे संच थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळतात. त्यांना नैतिक वृत्तीचे लेबल लावण्याची रीत 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केली. ऑर्क कल्पित असल्याने तो जन्मतः दुष्ट ठरविला तरी कोणाच्या घरी जाऊन कोणी जाब विचारीत नाही. परंतु हाच साचा इतिहासातील समाजांवर बसविला की पक्ष आणि जमात एकच होऊन बसतात.

यासाठी उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. 1660 चा पन्हाळ्याचा वेढा कोल्हापुरात प्रत्येकास ठाऊक आहे. वेढा घालणारा सिद्दी जौहर आदिलशाहीचा सरदार होता. तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर जो सरदार बाहेरून चालून आला तो सिद्दी हिलाल होता, आणि त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराज 12 जुलैच्या रात्री पन्हाळ्यावरून निघून विशाळगडाच्या पायथ्याशी पोहोचले, तेव्हा त्या गडास मोर्चे लावून बसलेले होते शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी. इंग्रजांच्या राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन जौहरच्या बाजूस उभा होता. म्हणजे एकाच मोहिमेत सिद्दी दोन्हीकडे आणि मराठे दोन्हीकडे होते, व तिसरा व्यापारी पक्ष मोबदल्यासाठी लढत होता. ‘सिद्दी’ हा पक्ष करून त्यास एक वृत्ती द्यावयाची म्हटल्यास हा वेढा त्या खेळात मांडताच येणार नाही. आपल्या गावचा सर्वात प्रसिद्ध प्रसंग ज्यात बसत नाही तो आराखडा कोल्हापुरात कसा चालावा, असे विद्यार्थ्यांना विचारले, आणि त्यावर प्रथमच खरी चर्चा सुरू झाली.

पुढील शतकाकडे पाहावे तर ‘मराठे’ हा एकच पक्षही टिकत नाही. 1710 मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंनी स्वतंत्र गादी स्थापिली. सातारा व कोल्हापूर यांची हद्द 1731 च्या वारणेच्या तहाने ठरली. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत यांचा विवाह 1763 मध्ये जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी झाला आणि त्यांना दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादुर’ हा किताब मिळाला. हा मान कोल्हापूरकरांना खुपला. त्यांनी वाडीवर स्वारी करून काही गड घेतले, ते पुढे शिंद्यांच्या वजनाने परत द्यावे लागले. हा प्रसंग येथे सांगण्यास आणखी एक कारण आहे. परंपरा असे सांगते की याच खेम सावंतांच्या आश्रयाने तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांकडील गंजिफा वाडीत रुजली आणि तेथील चितारी ती रंगवू लागले. आपण ज्यांच्याशी गडांसाठी भांडलो त्यांच्याच घरचा खेळ आज आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला.

पथक म्हणजे काय?

पक्षापेक्षा पथकाचा प्रश्न सोपा वाटतो, पण तेथेही खेळ रचणारे घसरतात. 2007 मध्ये आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ मालिकेतील ‘एशियन डायनॅस्टीज’ या खेळात हिंदी सैन्याचे ‘सोवार’ नावाचे एक पथक आहे. ते उंटावर बसून तलवारीने लढते. मराठी वाचकास ‘स्वार’ म्हटले की घोडा दिसतो, म्हणून हे चित्र त्यास गमतीचे वाटेल. त्याच खेळातील ‘जंबुरक’ मात्र योग्य आहे. उंटाच्या पाठीवरून डागावयाची हलकी तोफ आपल्याकडील फौजांत खरोखरच होती. शब्द ऐकीव असला तरी त्यामागील व्यवस्था माहीत नसेल तर असे होते.

व्यवस्था समजून घेण्यासाठी सभासदाची बखर हे उत्तम साधन आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती 1694 च्या सुमारास राजारामांच्या आश्रयाने लिहिली. तीत पागेची आणि शिलेदारांची वेगवेगळी नोंद आहे. ज्याचा घोडा सरकारचा तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. मैदानात दोघेही सारखेच स्वार दिसतात. फरक घोड्याच्या मालकीत आहे, आणि त्यामुळे घोडा मेल्यावर तोटा कोणाचा, यातही आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ही रचना होती. हशमात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढण होती आणि तिच्या माथ्यावर सरनोबत. याहून महत्त्वाचा तपशील असा की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. ज्या माणसाने ही संख्या ठरविली त्याला पंचवीस घोडी किती पाणी पितात आणि किती नाल झिजवितात हे माहीत होते. संगणकीय खेळांत पखालजी आढळत नाही. घोडा तेथे पाणी पीत नाही.

बुद्धिबळाच्या सोंगट्यांनाही असाच इतिहास आहे. चतुरंगात हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही चार अंगे होती, आणि बाराव्या शतकातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये त्या खेळास स्थान आहे. आज आपल्या पटावर रथ नाही. कोपऱ्यात हत्ती आहे आणि वजीर-राजाच्या शेजारी उंट आहे. सैन्यातून रथ गेला तसा तो आपल्या पटावरूनही गेला, आणि मोकळ्या जागी नवी वाहने आली. पट तोच, चाली बहुतांशी त्याच, पथकांची नावे व रूपे मात्र काळानुसार बदललेली. आजच्या भाषेत हा मॉडच म्हणावा लागेल, फक्त तो कोणा एका माणसाने केलेला नाही.

अकबराचे बारा पती

एका माणसाने जाणीवपूर्वक केलेला बदल पाहावयाचा असेल तर ‘आईन-इ-अकबरी’कडे वळावे लागते. गंजिफा हिंदुस्थानात मोगलांबरोबर आली असे सामान्यतः मानतात. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने अकबराच्या दरबारातील जो खेळ वर्णिला आहे त्यात बारा रंग आहेत आणि प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे राजा, वजीर आणि एक ते दहा आकड्यांची पाने.

रंगांची नावे अशी : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नौपती, तियपती (स्त्रियांची राणी), सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती. आजच्या कोणत्याही अद्भुत व्यूहखेळाच्या पक्षांची यादी याहून वेगळी नसते. घोडदळ, हत्ती, पायदळ, किल्ले, खजिना, चिलखती योद्धे आणि आरमार यांच्या शेजारी देव, दैत्य, श्वापदे आणि सर्प बसले आहेत. प्रत्येक पक्षाची पथकेही त्याच्या प्रकृतीनुसार चितारलेली आहेत. अश्वपतीचा राजा घोड्यावर छत्र-निशाणांसह असून त्याची आकड्यांची पाने घोड्यांची आहेत. नरपतीचा राजा सिंहासनावर, वजीर चौरंगावर आणि पानांवर प्यादे. गढपतीचा राजा किल्ल्यावर बसलेला. वनपतीचा राजा वाघ आणि वजीर बिबट्या. अहिपतीचा वजीर तर सर्पावर स्वार झालेला सर्प आहे.

यातील पहिली तीन नावे जुनी आहेत. दख्खन आणि आंध्रातील परंपरेत दिल्लीचा सुलतान अश्वपती, ओरिसाचा राजा गजपती आणि विजयनगरचा राय नरपती असे त्रिकूट प्रसिद्ध होते. अबुल फजल अश्वपतीस दिल्लीच्या बादशहासारखा आणि गजपतीस ओरिसाच्या राजासारखा म्हणतो, पण नरपती म्हणून तो विजापूरकरांचा दाखला देतो. 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचे बळ ओसरले होते. दरबारी खेळात ती रिकामी जागा विजापूरकडे गेली असावी, असे अनुमान करता येते. पक्ष तोच राहिला आणि त्याचा मालक बदलला. पन्हाळा त्या वेळी विजापूरकरांकडे असल्याने अकबराच्या डावात आपला मुलूख नरपतीच्या पानांत मोडत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

बारा रंगांपैकी पहिले सहा ‘बेशबर’, म्हणजे जबर, आणि शेवटचे सहा ‘कमबर’, म्हणजे दुबळे मानलेले आहेत. ही विभागणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. देव आणि दैत्य दोघेही दुबळ्यांत आहेत, आणि जबर रंग सर्वच्या सर्व ऐहिक आहेत : घोडा, हत्ती, माणूस, किल्ला, पैसा, शस्त्र. असुरपती म्हणून कोणी रावण नाही. तेथे दाऊदचा पुत्र सुलेमान बसला आहे, कारण इस्लामी परंपरेत जिन्न त्याच्या आज्ञेत होते. असुरांचा स्वामी येथे खलनायक नसून प्रेषित आहे. हे विद्यार्थ्यांना सांगितल्यावर त्यांच्या ‘अधर्मी’ स्तंभाकडे त्यांनी स्वतःच दुसऱ्यांदा पाहिले.

नौपतीही दुबळ्यांत आहे, आणि येथे मोगली दृष्टी उघड होते. ज्या सत्तेचा जीव घोडदळात आणि मैदानी मुलखात होता तिला आरमार सर्प आणि श्वापदांच्या पंक्तीत बसवावेसे वाटले. याउलट कोल्हापूर गादीच्या आश्रयाने रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 मध्ये सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार या दोन्हींना स्वतंत्र प्रकरणे आहेत. गढपती आणि नौपती यांना एकाच मोलाचे मानणारे हे राज्य होते. समुद्र दिसत नसलेल्या कोल्हापूरच्या गादीकडे मालवणचा सिंधुदुर्ग 1812 पर्यंत होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. पक्षांची उतरंड कोण लावतो यावर ती अवलंबून असते, ती वस्तुस्थितीत आयती मिळत नाही.

अकबराने नंतर या रंगांत आणखी फेरबदल केले. सर्प आणि श्वापदे बाजूला ठेवून त्याने दरबार व कारखान्यांतील खाती पानांवर आणली. धनपतीचा राजा पैसे वाटताना दाखविला आणि त्याची आकड्यांची पाने टांकसाळीतील सोनार, तोलणारा, नाणी पाडणारा अशा कामगारांची केली. बरात म्हणजे सनदांच्या रंगात कागद करणारा आणि लिहिणारे कारकून आले. पुढे रूढ झाली ती आठ रंगांची मोगली गंजिफा याच धर्तीची आहे. ताज, सफेद, शमशेर व गुलाम हे जबर आणि चंग, सुर्ख, बरात व किमाश हे दुबळे. एकूण पाने शहाण्णव. अद्भुत पक्ष काढून त्या जागी राज्यकारभार बसविणारा हा बदल आहे. आजचे मॉड करणारे बहुधा याच्या उलट दिशेने जातात.

दशावतारी गंजिफा

दक्षिणेत मात्र ही उलट दिशा पूर्वीच घेतली गेली. आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि पाने एकशेवीस झाली. राजाच्या पानावर अवतार आणि दुसऱ्या मानाच्या पानावर प्रधान असतो, तर आकड्यांच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कल्कीचे खड्ग. काही चिन्हे ठिकाणपरत्वे बदलतात. नववा अवतार बुद्ध आहे. मराठी चित्रपरंपरेत त्याच्या जागी पुष्कळदा विठ्ठल दिसतो, आणि हाही एक लहानसा पण अर्थपूर्ण मॉड आहे.

खेळाचे नियम थोडक्यात असे. तीन खेळाडू असतात. पाने सारखी वाटली की प्रत्येकाकडे चाळीस येतात. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचे राजाचे पान आले त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असलेल्याची. मोगली गंजिफेत हाच मान दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याच्या आणि रात्री सफेद म्हणजे चांदीच्या रंगास आहे. पाच रंगांत प्रधानाखाली दहापासून एकापर्यंत उतरता मान असतो. उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा होऊन एक्का प्रधानाखालोखाल श्रेष्ठ आणि दहा सर्वात हलका ठरतो. एखाद्या रंगातील जे पान त्या क्षणी शिल्लक पानांत सर्वात वरचे असेल त्यास ‘हुकूम’ म्हणतात. तो ओळखण्यासाठी कोणती पाने खेळून गेली हे स्मरणात ठेवावे लागते. सगळा खेळ या स्मरणावर चालतो.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसाठी पुठ्ठ्याचा एक जोड करविला आणि पहिल्याच डावात उलट्या क्रमाचा नियम सांगण्यास विसरला. परिणामी ज्याच्याकडे आठ, नऊ, दहा यांची पाने अधिक आली तो विद्यार्थी बिनविरोध जिंकत राहिला. दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त केली. तेव्हा त्या विद्यार्थिनीने म्हटले, “म्हणजे दुबळा रंग दुबळा नाहीच, सर. फक्त मोजायचं खालून.” दुबळा हा शब्द पानाच्या किमतीविषयी काही सांगत नाही. दुबळ्या रंगाचा एक्का जबर रंगाच्या दहाइतकाच समर्थ असतो. पक्षांना वेगळे करावयाचे, पण एकास वरचढ करावयाचे नाही, हा आजच्या खेळ रचणाऱ्यांपुढील अवघड प्रश्न आहे, आणि तो कोणी अनाम माणसाने केवळ क्रम उलटवून सोडविला होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गंजिफेत खेळाडू हा पक्ष नसतो. कोणी रामाच्या बाजूने आणि कोणी परशुरामाच्या बाजूने बसत नाही. चाळीस पानांच्या हातात दहाही अवतार कमीअधिक प्रमाणात येतात, आणि कृष्णाच्या राजाने घेतलेला हात घरात पडतो तो खेळणाऱ्याच्या. ओरिसात रामायणावर आधारलेली गंजपा आहे. तीत राम आणि रावण या दोघांच्या पक्षांतील पात्रे रंग म्हणून येतात. तेथेही रावणाची पाने ज्याच्या हाती आली तो राक्षस होत नाही, कारण त्याच्याच हाती रामाचीही पाने असतात. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात असे अनेक खेळ स्वतः रचले. त्यांतील चामुंडेश्वरी छद सोळा रंगांचा आणि 320 पानांचा आहे. एवढा मोठा जोड हाती धरून कोण खेळत असेल असा प्रश्न पडतो, परंतु पक्ष वाढविण्याचा मोह किती जुना आहे, हे त्यावरून दिसते.

सावंतवाडीचा खेळ आज खेळणाऱ्यांपेक्षा चितारणाऱ्यांनी जिवंत ठेवला आहे. कापडास चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन, वर खडूचा लेप घोटून, गोल पाने कापतात आणि पाठीस लाख चढवितात. सोनेरी काठाची दरबारी कलम आणि साधी बाजार कलम असे दोन प्रकार आहेत. स्वातंत्र्यानंतर ही कला संपत आली असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यात तरुण कारागिरांकडून पुन्हा सुरू केली. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकन मिळाले. रुडॉल्फ फॉन लायडन यांनी 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी केलेली सूची अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. खेद एवढाच की आजरा-आंबोलीमार्गे काही तासांत जाता येईल अशा या गावचा खेळ कोल्हापुरातील विद्यार्थ्यांना माहीत नव्हता आणि ऑर्क माहीत होते. यात दोष त्यांचा मानण्याचे कारण नाही. आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात लढाया आहेत, पण लोक फावल्या वेळात काय खेळत हे नाही.

प्रयोगाचे स्वरूप

या चर्चेनंतर विद्यार्थ्यांनी आराखडा बदलला. ‘धर्मी’ आणि ‘अधर्मी’ हे शब्द काढून त्या जागी ज्योतिषातील राशींसाठी रूढ असलेले ‘दिवाबली’ आणि ‘रात्रिबली’ हे शब्द घेतले. वृत्ती पक्षास न देता पथकास द्यावयाची असे ठरले. मावळातील हशम रात्रिबली झाले, कारण गडावर माळ लावून चढणे हे त्यांचे काम अंधाराचे होते. पागेचे स्वार दिवाबली झाले. शिवाजी महाराजांचे हशम ‘अधर्मी’ असलेल्या यंत्रकोष्टकात बसणार म्हणून एका विद्यार्थ्याने प्रथम आक्षेप घेतला. शब्द बदलल्यावर तो आक्षेप उरला नाही. शब्दाची निवड किती दूरवर परिणाम करते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता आले नसते.

पक्षांच्या बाबतीत एकमत झाले नाही. चार ऐतिहासिक पक्ष रद्द करून बारा पतींपैकी सहा घ्यावेत आणि कोणत्याही खेळाडूस कोणत्याही पतीची पथके मोहरा देऊन भरती करता यावीत, असा एक प्रस्ताव होता. वेस्नॉथच्या यंत्रात भरतीची यादी पक्षागणिक लिहिलेली असते. ती यादी सर्वांसाठी एकच केली की हे साधते. तसे केल्यास पन्हाळ्याच्या वेढ्यात दोन्हीकडे सिद्दी आणि दोन्हीकडे मराठे सहज उभे राहतात. त्याविरुद्धचे म्हणणे असे होते की सर्वांची पथके सारखी असतील तर खेळात कोणाचे निशाण कशासाठी फडकवावयाचे? हे म्हणणे क्षुल्लक मानता येत नाही. आदिलशाहीच्या नोकरीतील मराठा सरदार आणि स्वराज्यातील मराठा सरदार यांची पथके सारखीच होती, पण त्यांचे इमान सारखे नव्हते. इमान हे आकड्यात कसे लिहावे? गंजिफेत त्याचे उत्तर नाही, कारण तेथे पान ज्याच्या हाती गेले त्याचे झाले. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या प्रस्तावाकडे आहे, तथापि दुसऱ्या मताच्या विद्यार्थ्यांनी मांडलेली अडचण खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. अखेर प्रदर्शनात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या.

आदिलशाहीचा भाग आता स्वतंत्र राहिला नसल्याने त्या विद्यार्थिनीने पखालजी आणि नालबंद यांच्या फायली लिहिल्या. पखालजीस शस्त्र नाही, परंतु त्याच्या शेजारच्या घरांतील पथके दर खेपेस थोडी सावरतात. मूळ यंत्रात जखमा बऱ्या करणाऱ्या पथकांची सोय होती, तिचाच तिने उपयोग केला. एक दोष मात्र शिल्लक आहे. संगणक स्वतः एका बाजूने खेळू लागला की तो पखालजीस स्वस्त पथक समजून सर्वांपुढे पाठवितो आणि दुसऱ्याच खेपेस गमावितो. ती फाईल अजून दुरुस्त होत आहे.